चीनला जायचं तर दहा-बाराच जणांनी

तुकोबांची पालखी इंदापूर तालुक्यात शिरली की कळंबची माणसं बेलवाडीचं रिंगण बघायला नाहीतर अंथुर्ण्याच्या मुक्कामी दर्शनाला जातात. त्यातला एखादा तसाच पुढे पंढरपूरपर्यंत चालत जातो. बाकीचे एकादशीच्या आसपास गाडी करून जातात, कळसाला हात जोडतात आणि रात्री घरी येऊन झोपतात. पुण्य दोघांनाही सारखंच मिळत असेल. पण वाटेत कुणाच्या विहिरीचं पाणी गोड लागलं, कोणत्या वस्तीवर पिठलं-भाकरी वाढली, कुठल्या गावात यंदा पेरण्याच झाल्या नाहीत, हे विचारायचं तर चालत गेलेल्यालाच विचारावं लागतं.

परदेश प्रवासातही हाच फरक असतो आणि चीनच्या बाबतीत तो फार मोठा ठरतो. पाच वर्षं बंद असलेली वाट आता पुन्हा उघडली आहे. २०२० मध्ये थांबलेली थेट विमानं २६ ऑक्टोबर २०२५ रोजी इंडिगोच्या कोलकाता-ग्वांगझू फेरीने सुरू झाली, पाठोपाठ दिल्लीहूनही उड्डाणं होऊ लागली. त्यामुळे दुबई, सिंगापूर, थायलंड करून झालेल्या घरांत 'आता चीन' ही चर्चा निघणार. वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, डाळिंब-द्राक्षाचे चार पैसे हाती आलेले, मुलगा पुण्या-बंगळुरूला चांगल्या नोकरीत असलेले असे प्रवासी कळंबच्या पंचक्रोशीत कमी नाहीत. प्रश्न एवढाच, की ते चाळीस जणांच्या बसमध्ये बसून जाणार की दहा-बारा जण मिळून?

चाळीस जणांची सहल कशी असते ते आता महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. पुढे काठीला झेंडा लावलेला सहल व्यवस्थापक, सकाळी पोहे, रात्री वरण-भात, आणि "पंधरा मिनिटांत बसपाशी या" हा दिवसभराचा मंत्र. आठ दिवसांत बीजिंग, शीआन, शांघाय. चिनी भिंतीवर अर्धा तास, रेशमाच्या दुकानात दीड तास. चीनमध्ये फुकटात किंवा पडेल दरात सहल द्यायची आणि पैसे दुकानांच्या दलालीतून काढायचे, हा धंदा इतका माजला होता की २०१३ च्या पर्यटन कायद्याने सक्तीच्या खरेदीवर बंदी घालावी लागली. ती बंदी चिनी पर्यटकांच्या तक्रारींमुळे आली, हे त्यातलं विशेष.

या मोठ्या सहलींना नावं ठेवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. एकट्या राहिलेल्या सत्तरीच्या आजीला, इंग्रजीचा एक शब्द न येणाऱ्या जोडप्याला, मीठ-मिरची आपलीच हवी असणाऱ्या माणसाला मराठी सहल कंपन्यांनी जग दाखवलं. स्वित्झर्लंडमध्ये ते चालूनही जातं. बर्फ बघायला दुभाषा लागत नाही. चीनमध्ये मात्र बघण्यासारखी गोष्ट इमारतींपेक्षा माणसांत आणि त्यांच्या शेतात जास्त आहे, आणि चाळीस जण एखाद्याच्या शेतात उतरले तर त्याचा मका तेवढा तुडवला जातो.

मराठी माणसाच्या चीनशी असलेल्या नात्याची सगळ्यात मोठी गोष्टही एका छोट्या गटाचीच आहे. पाच डॉक्टर होते. अलाहाबादचे मदन अटल त्यांचे प्रमुख, बंगालचे विजयकुमार बसू आणि देवेश मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. म्हणजे पाचातले दोघे आपल्याकडचे. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने पाठवलेलं हे पथक १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघालं. तेव्हाचं कँटन म्हणजे आजचं ग्वांगझू, तिथे ते उतरले आणि चांगशा, हांकौ, चुंगकिंग अशी शहरं मागे टाकत, कधी ट्रकने तर कधी नदीतून, फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानच्या डोंगराळ मुलखात पोहोचले. तिथे माणसं मातीच्या कड्यात कोरलेल्या घरांत राहत आणि दवाखानाही तसाच होता.

कोटणीस चिनी शिकले, बोलायला आणि लिहायला. रुग्णाला 'कुठे दुखतंय' हे दुभाषामार्फत विचारत बसायला त्यांच्याकडे वेळच नव्हता. पुढे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ: 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी कोटणीस गेले. त्यांची समाधी आज शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्मा स्मारकात आहे. बीजिंगहून वेगवान रेल्वेने तिथे जायला सव्वा तास पुरतो. तरी ते शहर सहलींच्या पत्रकांत बहुधा नसतं, कारण तिथे राजवाडा नाही. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ज्याच्यावर चित्रपट काढला, ज्याचं घर सोलापुरात स्मारक म्हणून जपलं आहे, त्या माणसाच्या समाधीपासून सव्वा तासावर येऊन मराठी पर्यटक बीजिंगमध्ये मोत्यांच्या माळांचा भाव करत बसतो! कळंबपासून सोलापूर दीडेकशे किलोमीटर. ज्या वालचंद हिराचंदांनी कळंबच्या शिवारात साखर कारखाना उभा केला, तेही मूळचे सोलापूरचेच.

दुसरा छोटा गट १९५६ सालचा. चीनमधली सहकारी शेती बघायला भारत सरकारने एक शिष्टमंडळ पाठवलं. त्याचे प्रमुख होते नागपूरचे आर. के. पाटील, आयसीएसची नोकरी सोडून गांधींच्या मागे गेलेला आणि नियोजन आयोगावरही काम केलेला माणूस. ही मंडळी चीनच्या खेड्यांत फिरली, परत आली आणि १९५७ मध्ये त्यांचा सविस्तर अहवाल छापून आला. बहुमताने सांगितलं, की सहकारी शेतीचा प्रयोग आपल्याकडेही करावा. पण दोन सदस्यांना ते पटलं नाही आणि त्यांनी आपली मतभेदाची टिपणी त्याच अहवालाला जोडली. पुढच्याच वर्षी चीनने या सहकारी संस्था मोडून कम्यून उभारली, त्यामागून दुष्काळ आला आणि १९५९ ते १९६१ या काळात किमान दीड कोटी माणसं भुकेने मेली असं अभ्यासक मानतात. इकडे जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला, तोही नागपुरातच, आणि शेतकऱ्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही.

या गोष्टीतून छोट्या गटाची मर्यादाही कळते. यजमान जे दाखवतो तेच पाहुण्याला दिसतं, मग पाहुणे चार असोत की चाळीस. पण एकच शेत बघून दोघांनी 'हे काही खरं नाही' असं लिहून ठेवलं, ते त्यांना प्रश्न विचारायला सवड होती म्हणून. बसमधल्या एकोणचाळिसाव्या माणसाला शंका येते, पण ती विचारायला पाळी येत नाही.

आज महाराष्ट्राच्या कृषी विभागाची शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्यांची योजना आहे. निम्मा खर्च किंवा जास्तीत जास्त १ लाख रुपये सरकार देतं, आणि देशांच्या यादीत इस्राईल, जपान, व्हिएतनामसोबत चीनही आहे. २०२५ मध्ये हे खातं इंदापूरच्याच दत्तात्रय भरणे यांच्याकडे आलं, म्हणजे गाऱ्हाणं मांडायला कळंबकरांना मुंबईपर्यंत जायचीही गरज नाही. गाऱ्हाणं असं: हे दौरे दहा-बारा शेतकऱ्यांचे करा, एका पिकापुरते करा, आणि परत आल्यावर प्रत्येकाकडून दोन पानं मराठीत लिहून घ्या. न पटलेलंही लिहायला सांगा. पाटलांच्या शिष्टमंडळाचा अहवाल सत्तर वर्षांनीही वाचता येतो. अभ्यास दौऱ्यांचं आज जे मागे उरतं ते व्हॉट्सॲपवरचे फोटो, आणि ते फोन बदलला की जातात.

कळंबच्या माणसाने चीनमध्ये बघायचं काय? सुरुवात साखरेपासून करायला हरकत नाही. उत्तरेत साखरेला 'चिनी' म्हणतात, म्हणून ती चीनमधून आली असा समज होतो. मुळात उलटंही घडलं आहे. तांग सम्राट ताइत्सुंग याने ६४७ च्या सुमारास माणसं पाठवून मगधातून साखर करण्याची रीत शिकून घेतली, अशी नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. त्या आधी काही वर्षं चिनी बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग भारतभर फिरला होता. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात तो ६४१ च्या सुमारास आला. त्याने मराठी मुलखाबद्दल लिहिलेलं इथल्या माणसाला आजही ओळखीचं वाटेल: माणसं मानी, उपकाराची फेड करणारी आणि अपमान न विसरणारी. ऊस तोडणीच्या हिशेबावरून भाऊबंदकी पेटलेली ज्याने पाहिली, त्याला यावर वेगळा पुरावा नको.

चीनची बहुतेक साखर आज दक्षिणेतल्या ग्वांगशी प्रांतातून येते. तिथेही ऊस बऱ्याच ठिकाणी कोयत्यानेच तुटतो, तिथेही तरुण पोरं शहरात गेली आहेत आणि तोडणीला माणूस मिळत नाही. म्हणून सीमेपलीकडून व्हिएतनामी मजूर येतात. बीडहून आलेल्या टोळ्यांच्या खोप्या शिवारात बघत मोठा झालेला माणूस तिथे उभा राहिला तर त्याला विचारायला पहिल्या पाच मिनिटांत दहा प्रश्न सुचतील. उचल किती देतात? मुकादम आहे का? पोरांच्या शाळेचं काय? हे प्रश्न शांघायच्या मनोऱ्यावरून सुचत नाहीत.

याच ग्वांगशीत ग्विलिनजवळ ली नदी आणि तिच्या काठचे शिवलिंगासारखे उभे डोंगर आहेत. २० युआनच्या नोटेवर त्यांचंच चित्र असतं. नोट हातात धरून तोच देखावा जुळवणं हा तिथला ठरलेला खेळ. तिथून पुढे लाँगजीला भातखाचरांच्या पायऱ्या डोंगराच्या माथ्यापर्यंत चढत जातात. जूनच्या सुमारास त्यांत पाणी भरलं, की डोंगराला आरशांचे काप लावल्यासारखे दिसतात. गावात शिरायला तिकीट आहे, याओ स्त्रियांचे लांबसडक केस सोडून दाखवायचेही कार्यक्रम होतात, आणि तेवढ्यापुरतं ते गाव थोडं नाटकाच्या तंबूसारखं वाटतं. पण मुक्काम केला तर पहाटे, पहिली बस यायच्या आधी, बांध लिंपणारा म्हातारा दिसतो. बांध लिंपायची हातोटी मावळातल्या आणि लाँगजीतल्या शेतकऱ्याची सारखीच.

आता पाण्याकडे वळू, कारण इंदापूर तालुक्यातली कोणतीही गोष्ट शेवटी पाण्यावर येते. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, ती पाणी शेपटापर्यंत पोहोचावं म्हणून. इंदापूर हेच ते शेपूट, त्यामुळे आवर्तन सुटलं की वरच्यांनी किती घेतलं आणि खाली किती आलं, हा वाद तालुक्याला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे.

सिचुआन प्रांतात छंगतू शहरापासून साठेक किलोमीटरवर दुजियांगयान नावाचं ठिकाण आहे. इसवी सनापूर्वी २५६ च्या सुमारास ली बिंग नावाच्या प्रांताधिकाऱ्याने मिन नदीचं पाणी तिथे वळवलं, आणि धरण न बांधता. नदीच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घातला. नदी दुभंगली: बाहेरचा फाटा पुराचा, आतला फाटा शेतीचा. आतल्या फाट्यात जास्त झालेलं पाणी आणि वाळू एका ठेंगण्या सांडव्यावरून परत बाहेर पडते. पुढे डोंगर फोडून एक अरुंद खिंड केली आहे, तिचं तोंड बाटलीच्या गळ्याएवढंच, त्यामुळे पूर कितीही मोठा आला तरी ठरल्यापेक्षा जास्त पाणी मैदानात जात नाही. डोंगर फोडायला सुरुंगाची दारू नव्हती. खडक आगीने तापवून पाण्याने तडकावला, असं सांगतात. बांध घालायला बांबूच्या लांबलचक टोपल्या विणून त्यांत गोटे भरले.

खरी गंमत गाळात आहे. हिवाळ्यात एकेक फाटा बंद करून तळातला गाळ उपसायचा, हा तिथला शतकानुशतकांचा रिवाज. किती उपसायचा? नदीच्या तळाशी लोखंडी दांडे पुरून ठेवले आहेत. ते उघडे पडले की थांबायचं. वर दिसले तर समजावं, की यंदा गाळ कमी काढला तरी चालेल. दिसलेच नाहीत तर अजून खोदा. मोजमापाच्या वहीत काहीही लिहिलं तरी दांडा खोटं बोलत नाही. कालव्याच्या दुरुस्तीची कामं कागदावर कशी पूर्ण होतात हे बघितलेल्या माणसाने त्या दांड्यापुढे जरा वेळ उभं राहावं. आज तिथे काँक्रीट आणि लोखंडी दरवाजेही आले आहेत, पण मूळची मांडणी तीच आहे आणि भिजणारं क्षेत्र साडेसहा लाख हेक्टरांच्या वर गेलं आहे. मोठ्या सहली छंगतूला आल्याच तर पांडा बघायला येतात. पांडा गोड असतो, यात वाद नाही.

दुजियांगयानहून वेगवान रेल्वेने छिनलिंग डोंगर ओलांडला की शीआन. तिथली मातीच्या सैनिकांची फौज १९७४ साली सापडली ती शेतकऱ्यांना, दुष्काळात विहीर खोदताना. महाराष्ट्रातही बहात्तरच्या दुष्काळानंतर विहिरी खोल करायची धांदल नुकतीच सरत होती, पण आपल्याकडे लागला तो खडक. त्याच शहरात ह्युएन त्संगाने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी ६५२ मध्ये बांधलेला पॅगोडा उभा आहे. आणि वेळ असेल तर आन्हुई प्रांतातलं श्यावगांग. १९७८ च्या हिवाळ्यात तिथल्या १८ शेतकऱ्यांनी चोरून एका कागदावर अंगठे उठवले: कम्यूनची जमीन घरटी वाटून घ्यायची, आणि कुणाला पकडून नेलंच तर बाकीच्यांनी त्याची पोरं सांभाळायची. पुढच्या वर्षी पीक कैक पटींनी वाढलं आणि काही वर्षांत सगळ्या देशाने तीच वाट धरली. पाटलांच्या शिष्टमंडळातल्या त्या दोन सदस्यांना हे बावीस वर्षांनी मिळालेलं उत्तर म्हणता येईल.

अडचणी आहेतच. छोट्या गटाला माणशी खर्च जास्त पडतो, कारण दुभाषा आणि गाडी दहा जणांत वाटली जाते, चाळिसांत नाही. त्यावर उपाय शहरं कमी करण्याचा आहे: सहाऐवजी तीन ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी तीन-चार रात्री. वेगवान रेल्वेचं जाळं ४५ हजार किलोमीटरांच्या पुढे गेलेलं असल्याने आतली विमानंही वाचतात. जेवणाचा धसका वालचंदनगरच्या जैन कुटुंबांना सगळ्यात जास्त. 'वो छ सू', म्हणजे 'मी शाकाहारी आहे', हे तीन शब्द पाठ असावेत, आणि त्यानंतरही कढईत डुकराची चरबी नाही ना, हे दुभाषाकडून विचारून घ्यावं. बौद्ध मठांजवळच्या खानावळी त्या मानाने निर्धास्त. गरम पाणी मात्र रेल्वे स्थानकापासून गाडीच्या डब्यापर्यंत सगळीकडे मिळतं; दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की एक वेळ निभते. पैसे बहुतेक ठिकाणी फोनवरूनच द्यावे लागतात, त्याची सोय निघण्यापूर्वी करावी. दहा जणांच्या गटात हे शिकलेला एखादा पुतण्या बाकी नऊ जणांना पुरतो.

आणि गलवान? जून २०२० मध्ये तिथे चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान शहीद झाले. ज्या घरांतली मुलं सैन्यात आहेत, त्यांना चीनमध्ये जाऊन पैसे खर्च करणं पटणार नाही, आणि त्यांच्याशी वाद घालायचं कारण नाही. पण न जाण्याने शेजारी बदलत नाही. १९६२ च्या युद्धानंतर कित्येक वर्षं आपण चीनकडे पाठ करून बसलो, त्या काळात तो काय करतोय हे कळण्याचे मार्ग मात्र आपले आपणच बुजवले. १९५४ मध्ये नेहरू आणि माओ यांच्या भेटीत दुभाषा होते वसंत परांजपे, पेकिंगला राहून चिनी शिकलेला मराठी तरुण. असा माणूस आज प्रत्येक जिल्ह्यात एक तरी असायला हवा. कळंबच्या महाविद्यालयातली एखादी मुलगी अशा दहा जणांत अकरावी म्हणून गेली आणि भाषेच्या नादाने तिथे अडकली, तर सहलीचे पैसे वसूल.

दिवस ठरवायचे तर तेही नीट जुळतात. इकडचा गळीत हंगाम मार्चअखेर उरकत येतो, टोळ्या गावाकडे परततात, घरात चार पैसे आणि चार मोकळे दिवस असतात. आणि ५ एप्रिलच्या आसपास, छिंगमिंगच्या सणाला, दुजियांगयानला वर्षाचं पहिलं पाणी सोडायचा सोहळा होतो: ढोल वाजतात, पूर्वीसारखी पाणी अडवणारी लाकडी तिवई तोडली जाते आणि उपसलेल्या स्वच्छ पात्रातून पाणी खालच्या शिवाराकडे धावतं. काठावर उभ्या असलेल्या इंदापूरच्या माणसाने दुभाषाला हळूच विचारावं, की हे शेपटापर्यंत किती दिवसांत पोहोचतं, आणि वरची गावं मधेच दारं उघडत नाहीत ना.